इंग्लंडमधल्या घरातले विजेचे काम: बिल्डिंग कंट्रोलला कळवावे लागते ते नेमके कोणते?

टेम्सकाठची (रेडिंग)

नमस्कार. आम्ही रेडिंगमध्ये १९३०च्या दशकातले एक सेमी-डिटॅच्ड घर घेतले आहे आणि राहायला जाण्यापूर्वी त्यातले विजेचे बरेच काम उरकून घ्यायचे आहे. स्वयंपाकघरात आहे त्याच रिंगवर (बोर्डातून निघून वळसा घेऊन बोर्डातच परत येणाऱ्या सॉकेटच्या सर्किटवर) ओट्यालगत आणखी सॉकेट आणि एक बिल्ट-इन ओव्हन हवा आहे. बाथरूममध्ये ८.५ किलोवॅटचा इलेक्ट्रिक शॉवर काढून १०.५ किलोवॅटचा बसवायचा आहे, शिवाय छतात डाउनलाइट घ्यायचे आहेत. परसदारी एक लाकडी खोली उभी राहिली आहे, तिला वीज द्यायची आहे. जिन्याखालचा फ्यूजबोर्ड अजून तारेच्या फ्यूजचा आहे, तो तर बदलावाच लागेल.

ज्यांच्याकडून दरपत्रके मागवली, त्या प्रत्येकाने वेगळे सांगितले. एकाच्या मते स्वयंपाकघरातले काम नोटिफायेबल आहे, म्हणजे बिल्डिंग कंट्रोलला (बांधकामाचे नियम पाळले जातात का ते तपासणाऱ्या यंत्रणेला) कळवणे बंधनकारक आहे. दुसऱ्याच्या मते २०१३ नंतर फ्यूजबोर्ड सोडला तर काहीच कळवावे लागत नाही. म्हणून मी मूळ नियमच वाचायला घेतला. बिल्डिंग रेग्युलेशन्स २०१० मधल्या नियम १२(६ए) मध्ये तीनच प्रकार दिले आहेत: नवीन सर्किट घालणे, कन्झ्युमर युनिट (म्हणजे फ्यूजबोर्ड) बदलणे, आणि विशेष जागेतल्या चालू सर्किटमध्ये भर घालणे किंवा फेरफार करणे. वाचायला हे सोपे वाटते, पण आमच्या घरातले एकेक काम समोर ठेवले की ‘नवीन सर्किट’ कशाला म्हणायचे आणि ‘विशेष जागा’ कुठे संपते, याची खात्री वाटत नाही. जाणकारांनी कामवार मत दिले, तर इतरांनाही त्याचा उपयोग होईल.

जुना वायरमन (लेस्टर)

ताई, आपण मूळ नियमापासून सुरुवात केलीत हे उत्तम झाले, कारण या विषयावरचा बहुतेक गोंधळ ऐकीव माहितीमुळे होतो. मी गावाकडे आयटीआय करून काही वर्षे वायरमन म्हणून काम केले आणि इथे आल्यावर पुन्हा परीक्षा देऊन आता स्वतःचे काम स्वतः प्रमाणित करू देणाऱ्या एका योजनेत नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन आहे. महाराष्ट्रात नवीन जोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल महावितरणला द्यावा लागतो, त्यामुळे तपासणी ही मीटर बसण्याच्या वेळची गोष्ट, असा आपल्याकडच्या बऱ्याच जणांचा समज असतो. इथला भाग ‘पी’, म्हणजे बिल्डिंग रेग्युलेशन्समधला घरातल्या विजेच्या सुरक्षिततेचा भाग, घरात नंतर केव्हाही होणाऱ्या कामाला लागू होतो.

आधी दोन प्रश्न वेगळे करू. पहिला प्रश्न असा की, काम भाग ‘पी’च्या कक्षेत येते का? याचे उत्तर जवळजवळ नेहमीच ‘होय’ असते. पी-१ ही आवश्यकता सांगते की, विजेची मांडणी वापरणाऱ्या, तिची देखभाल करणाऱ्या किंवा तिच्यात बदल करणाऱ्या माणसांना आग आणि इजा यांपासून वाचवण्यासाठी आखणीत व कामात वाजवी तजवीज केलेली असली पाहिजे. ही अट एका वाढीव सॉकेटलाही लागू आहे, आणि व्यवहारात तिची पूर्तता म्हणजे बीएस ७६७१ या विजेच्या कामाच्या ब्रिटिश मानकाप्रमाणे काम करून, ते तपासून, त्याचे प्रमाणपत्र देणे. दुसरा प्रश्न असा की, ते काम कळवावे लागते का? त्याचे उत्तर आपण लिहिलेल्या तीन प्रकारांपुरतेच ‘होय’ असते. ‘कळवावे लागत नाही म्हणजे नियम लागू नाही’ असे जो सांगतो, त्याला काम देऊ नये, इतके माझे स्पष्ट मत आहे.

फ्यूजबोर्डाबद्दल शंकाच नाही, तो बदलणे नोटिफायेबल आहे. स्वयंपाकघराचे म्हणाल, तर भाग ‘पी’ १ जानेवारी २००५ पासून लागू झाला तेव्हा स्वयंपाकघर आणि घराबाहेरची जागा हे दोन्ही कळवण्याच्या यादीत होते. ६ एप्रिल २०१३ पासून इंग्लंडमध्ये ती यादी लहान झाली आणि ही दोन्ही ठिकाणे तिच्यातून वगळली गेली. त्यामुळे आपल्या रिंगवर वाढवलेले सॉकेट आज रेडिंगमध्ये कळवावे लागत नाहीत.

कार्डिफकर

वायरमनकाकांच्या उत्तरातला ‘इंग्लंडमध्ये’ हा शब्द सर्वांनी नीट लक्षात ठेवावा, ही विनंती. २०११च्या अखेरीस बिल्डिंग रेग्युलेशन्सचे अधिकार वेल्सकडे आले आणि २०१३चा बदल वेल्सने स्वीकारला नाही. माझ्या कार्डिफमधल्या घरात स्वयंपाकघरातल्या चालू सर्किटवर नवीन सॉकेट काढला, तरी ते काम कळवावे लागते, आणि बागेतल्या दिव्यांच्या वायरिंगचेही तेच. वेल्सची मार्गदर्शक पुस्तिकाही वेगळी आहे. ब्रिस्टलचा इलेक्ट्रिशियन पूल ओलांडून इकडे येतो आणि तिकडच्या सवयीने ‘हे कळवायला नको’ म्हणतो, असे इथे घडते. स्कॉटलंडमध्ये तर कायदाच निराळा आहे, तिथे बिल्डिंग वॉरंटची पद्धत चालते. म्हणून प्रश्न विचारताना आपले गाव लिहावे आणि उत्तर वाचतानाही ते कोणत्या गावासाठी आहे ते पाहावे.

टेम्सकाठची

दोघांचेही आभार. ओव्हनबद्दल एक शंका आहे. जुन्या कुकरचे स्वतंत्र सर्किट भिंतीत तयार आहे. नवा ओव्हन त्यावरच जोडला तर कळवावे लागेल का? आणि परसातल्या खोलीसाठी एकाने सुचवले आहे की, बैठकीच्या खोलीतल्या रिंगवरून फ्यूज्ड स्पर (फाटा) काढून पुढे आर्मर्ड (धातूचे कवच असलेली) केबल नेली, तर ते ‘नवीन सर्किट’ होत नाही. दुसरा म्हणतो की स्परमध्ये स्वतःचा फ्यूज असतो, म्हणून ते नवीन सर्किटच झाले. यात बरोबर कोण?

विटामाती (मिल्टन कीन्स)

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि काही वर्षे एका काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोल विभागात काम केले आहे. तिथे हा स्परचा प्रश्न वारंवार येत असे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बीएस ७६७१ मधली व्याख्या अशी आहे की, एकाच उगमातून वीज घेणारी आणि अतिप्रवाहापासून त्याच संरक्षक साधनाने राखलेली उपकरणांची मांडणी म्हणजे सर्किट. ही व्याख्या अक्षरशः लावली, तर १३ अँपिअरचा फ्यूज असलेल्या प्रत्येक स्परच्या पुढे एक नवीन सर्किट सुरू होते आणि स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनचा स्परसुद्धा कळवावा लागेल. पण नियम बनवणाऱ्यांना हे अभिप्रेत नव्हते, असे मला वाटते, आणि त्याला आधार मार्गदर्शक पुस्तिकेतच, म्हणजे अप्रूव्हड डॉक्युमेंट ‘पी’च्या २०१३च्या आवृत्तीत आहे. तिथे दोन उदाहरणे दिली आहेत. बिल्ट-इन कुकर बसवणे नोटिफायेबल नाही, मात्र त्यासाठी नवीन कुकर सर्किट लागत असेल तर आहे. विजेवर चालणारे फाटक किंवा गॅरेजचे दार तिथे असलेल्या आयसोलेटर स्विचला जोडणे नोटिफायेबल नाही, पण कन्झ्युमर युनिटपासून गॅरेजपर्यंत किंवा फाटकापर्यंत नवीन सर्किट नेणे नोटिफायेबल आहे. ‘कन्झ्युमर युनिटपासून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यांवरून असा अर्थ निघतो की, फ्यूजबोर्डात जागा घेऊन तिथून निघते ते नवीन सर्किट, आणि चालू सर्किटला फुटलेला स्पर ही त्या सर्किटमधली भर. आमच्या विभागात आम्ही हाच अर्थ धरत होतो आणि बहुतेक इलेक्ट्रिशियनही हाच धरतात. पुस्तिका हे मार्गदर्शन आहे, कायदा नव्हे, हे मान्य. तरीही कायद्याचा हेतू कळण्यासाठी याहून चांगला पुरावा उपलब्ध नाही.

आपला ओव्हन पहिल्या उदाहरणात नेमका बसतो. जुने कुकर सर्किट सुस्थितीत असेल आणि ओव्हनचा भार त्याला पेलत असेल, तर कळवायला नको.

परसातल्या खोलीचा प्रश्न मात्र वेगळ्या ठिकाणी अडतो. स्परवरून केबल नेऊन खोलीत दोन-तीन दिवे आणि एखादा सॉकेट दिला, तर ती इंग्लंडमध्ये भर ठरते. पण त्याच केबलच्या टोकाला खोलीत छोटे कन्झ्युमर युनिट बसवून दिव्यांना एक एमसीबी (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि सॉकेटना दुसरा दिला, की तिथून निघणारी सर्किटे नवीन होतात आणि ती कळवावी लागतात. अनेक जण ‘स्परवरून घेतले’ एवढेच सांगतात आणि खोलीतल्या त्या पेटीचा उल्लेख करत नाहीत.

जुना वायरमन

विटामाती यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे, फक्त कामाच्या बाजूने एक गोष्ट जोडतो. त्या खोलीत हिवाळ्यात हीटर चालणार असेल, तर १३ अँपिअरचा स्पर पुरणार नाही. दोन किलोवॅटचा हीटर सुमारे ९ अँपिअर घेतो, त्यावर किटली लावली की फ्यूज गेला. कळवणे टाळण्यासाठी स्परचा मार्ग निवडणे म्हणजे कागद वाचवून काम बिघडवणे होय. आपला फ्यूजबोर्ड तसाही बदलायचा आहे आणि ते काम कळवले जाणारच आहे, तर त्याच सूचनेत परसाच्या खोलीचे स्वतंत्र सर्किट घालून घ्यावे. बाहेरच्या खोलीला अर्थिंग कसे द्यायचे, घरातलेच पुढे न्यायचे की तिथे वेगळा अर्थ-रॉड ठोकायचा, हा निर्णय जागेवर येऊन, पुरवठ्याचा प्रकार पाहूनच घ्यायचा असतो.

आता बाथरूम. इथे नियमाचे शब्द फूटपट्टीसारखे आहेत, म्हणून मीही टेप घेऊनच जातो. बाथरूमची पूर्ण खोली म्हणजे विशेष जागा नव्हे. ज्या खोलीत बाथ किंवा शॉवर आहे, त्या खोलीत बाथच्या नळाभोवतीची किंवा शॉवरच्या तोंडाभोवतीची जागा तेवढी विशेष. आडवे मोजताना बाथटबच्या किंवा शॉवर ट्रेच्या कडेपासून ०.६ मीटर, आणि टब वा ट्रे काहीच नसेल तर भिंतीवर किंवा छतावर बसवलेल्या शॉवरच्या तोंडाच्या मध्यापासून १.२ मीटर. उभे मोजताना तयार फरशीच्या पृष्ठभागापासून २.२५ मीटर, शॉवरचे तोंड त्याहून उंच बसवले असेल तर त्या तोंडापर्यंत. टाइल बसल्यानंतरची फरशी धरायची, खालची फळी नव्हे. सौना हीटर किंवा पोहण्याचा तलाव असेल, तर मात्र सगळी खोलीच विशेष धरली जाते.

आपल्या बाथरूमचे छत किती उंच आहे? १९३०च्या घरात ते साधारण २.४ मीटर तरी असते. तसे असेल आणि शॉवर नेहमीच्या उंचीवर असेल, तर बाथच्या थेट वरच्या छतातले डाउनलाइटसुद्धा २.२५ मीटरच्या वर जातात, म्हणून चालू लाइटिंग सर्किटवर ते वाढवणे नोटिफायेबल ठरत नाही. हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटते, पण मोजमाप तेच सांगते. आरशाचा दिवाही बाथच्या कडेपासून ०.७ मीटरवर असेल, तर तो बाहेर. मात्र न कळवता केलेल्या त्या डाउनलाइटनाही बीएस ७६७१ लागू आहेच: बाथरूमला वीज देणाऱ्या सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीडी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे साधन) हवी, आणि या मानकाच्या २०१८च्या अठराव्या आवृत्तीपासून घरातल्या सर्वच लाइटिंग सर्किटना ती हवी. तारेच्या फ्यूजच्या बोर्डावर ती नसते. तेव्हा बोर्ड आधी, दिवे नंतर, असा क्रम ठेवावा.

शॉवरकडे मी सर्वांत जास्त लक्ष देईन. ८.५ किलोवॅटचा शॉवर २३० व्होल्टला सुमारे ३७ अँपिअर घेतो, १०.५ किलोवॅटचा सुमारे ४५.७. जुन्या शॉवरला बहुधा ६ चौरस मिलिमीटरची केबल असेल. ती भिंतीवर मोकळी क्लिप केलेली असेल तर तिची क्षमता ४७ अँपिअर आहे, पण तीच केबल माळ्यावरच्या उष्णतारोधक थराखाली प्लास्टरबोर्डच्या छतावर पडली असेल तर ३४ अँपिअरवर येते. म्हणजे जुना शॉवरसुद्धा त्या केबलला जड असू शकतो. आता नियमाकडे या. जुन्याच्या जागी तसाच शॉवर बसवणे ही बदली आहे आणि फ्यूजबोर्ड सोडला तर बदली कुठेही कळवावी लागत नाही. पण १०.५ किलोवॅटसाठी फ्यूजबोर्डापासून १० चौरस मिलिमीटरची नवीन केबल ओढली आणि मोठा एमसीबी लावला, तर माझ्या मते ते नवीन सर्किट आहे, कळवलेच पाहिजे. ‘आम्ही फक्त शॉवर बदलला’ असे म्हणून हे काम उरकणारे पुष्कळ भेटतात. माळ्यावर चढून केबल कोणत्या थराखालून गेली आहे, हे त्यांनी पाहिलेले नसते.

नवघरवाला (हॅरो)

चर्चा फार उपयुक्त आहे. माझे दोन प्रश्न आहेत. मी स्वतः अभियंता आहे आणि बाथरूम व फ्यूजबोर्ड सोडून बाकीचे काम स्वतः करण्याचा विचार आहे. शिवाय माझा एक मित्र इलेक्ट्रिशियन आहे, त्याच्याकडे गोल्ड कार्ड (पात्र इलेक्ट्रिशियनचे ओळखपत्र) आहे आणि अठराव्या आवृत्तीची परीक्षाही तो उत्तीर्ण झाला आहे. मी नवीन सर्किट घातले आणि त्याने तपासून सही केली, तर ते कायदेशीर होईल का?

विटामाती

स्वतःच्या घरात स्वतः काम करायला इंग्लंडच्या नियमांची मनाई नाही. मात्र काम नोटिफायेबल असेल, तर ते कोणत्या मार्गाने प्रमाणित होणार, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरले पाहिजे. असे तीन मार्ग आहेत.

एनआयसीईआयसी, नॅपिट यांसारख्या योजनेत नोंदणी असलेला इलेक्ट्रिशियन स्वतः केलेले काम स्वतःच प्रमाणित करू शकतो. काम संपल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याने घरमालकाला अनुपालन प्रमाणपत्र द्यायचे असते आणि बिल्डिंग कंट्रोलला कळवायचे असते. व्यवहारात हे त्याची योजनाच करते. दुसरा मार्ग नोंदणीकृत त्रयस्थ प्रमाणकाचा. इथे काम कोणीही केले तरी चालते, पण प्रमाणकाची नेमणूक काम सुरू होण्यापूर्वी झालेली हवी आणि काम संपल्यावर ५ दिवसांत त्याला कळवायला हवे. तिसरा मार्ग म्हणजे सुरुवातीलाच बिल्डिंग कंट्रोलकडे सूचना देऊन शुल्क भरणे. मग किती तपासणी लागेल हे ते ठरवतात, कामाचे स्वरूप आणि करणाऱ्याची पात्रता पाहतात, आणि हवे तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून चाचणी करवून घेतात. करणारा माणूस स्वतः चाचणी करून बीएस ७६७१चे प्रमाणपत्र देण्याइतका पात्र असेल, तर काउन्सिलचे तपासणीचे काम कमी होते आणि शुल्क ठरवताना ते विचारात घेतले जाते.

आता आपल्या मित्राबद्दल. गोल्ड कार्ड आणि परीक्षा यांतून त्याची पात्रता सिद्ध होते, पण स्वतःचे काम प्रमाणित करण्याचा अधिकार फक्त योजनेतल्या नोंदणीने मिळतो. नोंदणी आहे की नाही, हे सार्वजनिक यादीत कोणालाही पाहता येते. आणि ती असली, तरी स्व-प्रमाणनाची मुभा त्याने स्वतः केलेल्या कामापुरती आहे. आपण ओढलेल्या केबलवर त्याने त्या मार्गाने सही करणे योग्य नाही.

जुना वायरमन

याला जोडून सांगतो. इन्स्टॉलेशन सर्टिफिकेटवर आखणी, बांधणी आणि तपासणी या तीन गोष्टींच्या वेगवेगळ्या सह्या असतात. प्लास्टर झाल्यावर भिंतीतली केबल कोणत्या वाटेने गेली आहे, हे बाहेरून आलेल्या माणसाला दिसत नाही. ५० मिलिमीटरपेक्षा कमी खोलीवरची केबल एक तर सॉकेटच्या किंवा स्विचच्या सरळ रेषेत, उभी किंवा आडवी हवी, नाही तर कोपऱ्यापासून किंवा छतापासून १५० मिलिमीटरच्या पट्ट्यात. ती तिरकी नेली असेल, तर पुढे कधी कोणी कपाट टांगायला ड्रिल घेऊन उभा राहील, तेव्हा त्याच्या जिवावर बेतेल. स्वयंपाकघरात हा धोका सर्वांत मोठा आहे, कारण तिथे भिंतीवर सतत काहीतरी टांगले जाते, आणि नेमके तेच काम आता इंग्लंडमध्ये कळवावे लागत नाही. नवघरवाला, आपण स्वतः काम करणार असाल, तर प्लास्टरपूर्वी प्रत्येक भिंतीचे फोटो टेप लावून काढून ठेवा, आणि कळवायचे नसलेल्या कामाचेही मायनर वर्क्स सर्टिफिकेट (लहान कामाचे प्रमाणपत्र) चाचणीच्या आकड्यांसह तयार व्हायलाच हवे. चाचणीचे उपकरण आणि ते वापरायचे ज्ञान नसेल, तर ते काम हाती घेऊ नये.

विटामाती

फरशीच्या फळ्या उघडून केबल नेणार असाल, तर इमारतीच्या मजबुतीचा भाग ‘ए’ही लागू होतो, हे विसरू नका. तुळईला भोक पाडायचे ते तिच्या खोलीच्या (उभ्या मापाच्या) मध्यरेषेवर, आधारापासून गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) ०.२५ ते ०.४ पट अंतराच्या पट्ट्यात, आणि व्यास खोलीच्या पाव भागाहून मोठा नको. खाच पाडायची असेल तर ०.०७ ते ०.२५ या पट्ट्यात, खोलीच्या आठव्या भागापर्यंतच. आधाराजवळ करवतीने कापलेल्या तुळया मी इतक्या पाहिल्या आहेत की, हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

दस्तऐवज (बर्मिंगहॅम)

मी मालमत्ता हस्तांतरणाच्या कामात आहे, म्हणून कागदांची बाजू मांडते. घर विकताना विक्रेत्याने भरायच्या टीए-६ या माहितीपत्रकात असा प्रश्न असतो की, १ जानेवारी २००५ नंतर घराचे वायरिंग बदलले आहे का किंवा विजेचे काम केले आहे का, आणि केले असल्यास त्याचे प्रमाणपत्र कुठे आहे. नोटिफायेबल काम न कळवता केलेले असेल, तर अडचण बहुधा या टप्प्यावर उघडी पडते आणि तोवर काम करणाऱ्याचा पत्ताही लागत नाही.

अशा वेळी दोन वाटा असतात. एक म्हणजे काउन्सिलकडे नियमितीकरणाचा अर्ज. तो ११ नोव्हेंबर १९८५ नंतरच्या कामासाठी करता येतो आणि फक्त स्थानिक काउन्सिलच तो स्वीकारू शकते. त्यासाठी काही ठिकाणी काम उघडून दाखवावे लागते. दुसरी वाट नुकसानभरपाई विम्याची. तो विमा काउन्सिलच्या कारवाईच्या खर्चापुरता असतो, त्याने वायरिंग सुरक्षित होत नाही. आणि काउन्सिलशी या कामाबद्दल एकदा संपर्क झाला, की विमा कंपन्या सहसा तो देत नाहीत. म्हणून काउन्सिलला फोन करण्यापूर्वी आपल्या सॉलिसिटरशी बोलावे, असे मी प्रत्येक अशिलाला सांगते. मात्र घरात माणसे राहत असतील, तर आधी विजेची तपासणी करून घ्यावी आणि मगच कागदांकडे वळावे, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही.

‘काही काळ गेला की काउन्सिल काही करू शकत नाही’ हा समजही जुना झाला आहे. बिल्डिंग अ‍ॅक्ट १९८४च्या कलम ३६ची नोटीस पूर्वी काम संपल्यापासून १२ महिन्यांतच देता येत असे. बिल्डिंग सेफ्टी अ‍ॅक्ट २०२२ने केलेल्या बदलामुळे ऑक्टोबर २०२३ पासून ही मुदत १० वर्षे झाली आहे. कलम ३५खालचा खटला काम करणाऱ्यावर होऊ शकतो, पण काम काढून टाकण्याची किंवा दुरुस्त करण्याची कलम ३६ची नोटीस घरमालकाच्या हाती पडते.

टेम्सकाठची

सर्वांचे मनापासून आभार. एक शेवटची गोष्ट अडली आहे. एका इलेक्ट्रिशियनने तपासणी केली, तेव्हा वरच्या मजल्याची सॉकेटची रिंग मध्येच तुटलेली निघाली. तो म्हणतो की, तुटलेला तुकडा फरशीखाली सापडेना, म्हणून रिंगचे दोन रेडियल (बोर्डात परत न येता शेवटच्या सॉकेटला संपणारी सर्किटे) करू. हे नवीन सर्किट ठरेल का?

विटामाती

यावर जाणकारांतही दोन मते आहेत. तुटलेल्या रिंगची दोन्ही टोके ३२ अँपिअरच्या साधनाऐवजी २० अँपिअरच्या एकाच एमसीबीखाली ठेवली, तर २.५ चौरस मिलिमीटरच्या केबलला ते योग्य संरक्षण आहे आणि सर्किट एकच राहते. ही दुरुस्ती आहे, कळवायला नको. दोन टोकांना दोन वेगळे एमसीबी दिले, तर बोर्डात पूर्वी एक सर्किट होते तिथे दोन झाली, म्हणून दुसरे नवीन मानावे, असे माझे मत आहे.

जुना वायरमन

मी इथे थोडा वेगळा विचार करतो. नवीन केबल एक इंचही टाकली नसेल, सॉकेट तेच असतील, तर तिला चालू सर्किटमधला फेरफार म्हणता येईल, आणि बाथरूमच्या विशेष जागेबाहेर फेरफार कळवावा लागत नाही. पण आपल्या घरी हा वाद घालण्याची गरजच नाही, कारण बोर्ड बदलण्याची सूचना जाणारच आहे. इलेक्ट्रिशियनला दोन्ही रेडियल तिच्यातच नोंदवायला सांगा. ज्यांचा बोर्ड बदलायचा नाही, त्यांनी बिल्डिंग कंट्रोलला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावे आणि ते जपून ठेवावे.

बोर्ड बदलण्यापूर्वीची एक खबरदारी सांगतो. आपल्या घराच्या वयाच्या वायरिंगमध्ये जिन्याच्या दिव्याला वरच्या मजल्याच्या सर्किटमधून फेज आणि खालच्या सर्किटमधून न्यूट्रल घेतलेला पुष्कळदा सापडतो. तारेच्या फ्यूजवर तो वर्षानुवर्षे खपून जातो. नवीन बोर्डात प्रत्येक सर्किटला वेगळा आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीडी यांचे एकत्र साधन) बसला, की जिन्याचा दिवा लावताक्षणी तो पडतो, कारण गेलेला प्रवाह त्याच साधनातून परत येत नाही. आरसीबीओ खराब आहे असे म्हणून तो बदलत बसण्यात अर्थ नसतो. हा दोष बोर्ड बदलण्याआधीच्या चाचणीत शोधता येतो, म्हणून ती चाचणी दरपत्रकात लिहिलेली आहे का ते पाहा. गॅस आणि पाण्याच्या नळांना मुख्य बाँडिंग (त्यांना अर्थिंगशी जोडणारी तार) आहे का, हेही तेव्हाच तपासले जाते. घरी पीएमई पुरवठा (ज्यात न्यूट्रल आणि अर्थ वितरण कंपनीच्या एकाच तारेतून येतात) असेल, तर ती तार सर्वसाधारण घरात निदान १० चौरस मिलिमीटरची लागते. मीटरजवळचा सीलबंद मुख्य फ्यूज मात्र वितरण कंपनीचा असतो, तो कोणालाही परस्पर काढू देऊ नका.

टेम्सकाठची

तर आमचे असे ठरते: योजनेतल्या नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून आधी चाचणी, मग बोर्ड, शॉवरचे नवीन सर्किट, परसातल्या खोलीचे सर्किट आणि वरच्या मजल्याचे दोन रेडियल, हे सगळे एकाच सूचनेत. छत मी आज मोजले, तयार फरशीपासून २.४१ मीटर भरले. म्हणून डाउनलाइट, स्वयंपाकघरातले सॉकेट आणि ओव्हन हे न कळवता, पण प्रमाणपत्रासह. काम संपल्यावर त्याच्याकडून नेमके कोणते कागद मागायचे?

जुना वायरमन

दोन वेगळे कागद मागा, कारण लोक एकालाच दुसरा समजतात. पहिला इलेक्ट्रिकल इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट, ज्याच्या सोबत प्रत्येक सर्किटच्या चाचणीचे आकडे असलेली तक्त्याची पाने असतात. तो इलेक्ट्रिशियन स्वतः देतो. दुसरा बिल्डिंग रेग्युलेशन्सचे अनुपालन प्रमाणपत्र, जो त्याच्या योजनेकडून ३० दिवसांच्या आत येतो. त्यावर कामाचे वर्णन वाचून घ्या: नुसते ‘कन्झ्युमर युनिट बदलले’ असे लिहिले असेल, तर शॉवर, परसातली खोली आणि रेडियल त्यात नोंदवून घ्या, आणि ती दुरुस्ती हाती येईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका, असे करारातच लिहून ठेवा.